आरटीएक्स ५०८० किंवा ५०९० घेण्याआधी मेजर टेप हातात घ्या

वरच्या दर्जाचं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा कोणत्या कंपनीचं मॉडेल आणि गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) यावर होते. घरी आल्यावर मात्र गाडी भलतीकडेच अडते. कॅबिनेटची काच लागत नाही, एसएमपीएसला, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याला, हवी ती केबल नसते, गेम सुरू होताच यूपीएस बोंब मारून बंद पडतो. नवं कार्ड मुळातच खराब निघणं तसं क्वचित. बहुतेकदा त्याच्या भोवतीची जागा आणि वीज कमी पडते. म्हणून आधी मॉनिटर, मग कॅबिनेट, मग वीज बघा. कार्ड सगळ्यात शेवटी ठरवा.

मॉनिटर १०८० पी असेल तर हे वाचणं इथेच थांबवून पैसे मॉनिटरवर लावा. एवढ्या कमी रिझोल्यूशनवर कार्डाचं काम पटकन उरकतं आणि ते प्रोसेसरची वाट बघत बसतं. १४४० पी साठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०७० टीआय किंवा एएमडीचं रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटी भरपूर होतं. दोन्हींत १६ जीबी मेमरी आहे आणि दोन्ही ३०० वॅटच्या आसपास वीज खातात. ४के आणि १२० हर्ट्झच्या वरचा मॉनिटर असेल तर ५०८० घेण्यात अर्थ आहे. ५०९० जानेवारी २०२५ मध्ये आलं तेव्हा भारतात त्याची जाहीर किंमत २,१४,००० रुपये होती, ५०८० ची १,०७,०००. किंमत दुप्पट आणि कोअरही जवळपास दुप्पट (२१,७६० विरुद्ध १०,७५२), पण फ्रेम दुप्पट होत नाहीत. ज्याला ३२ जीबी मेमरी ब्लेंडरसाठी (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) किंवा घरी एआय मॉडेल चालवायला लागते, त्याने ५०९० घ्यावं. नुसतं खेळायचं असेल तर ५०८० आणि उरलेल्या पैशांत चांगला ओलेड मॉनिटर, हा सौदा आम्हाला कधीही जास्त पटतो.

घेण्याआधी एक चाचणी फुकटात होते. आत्ताच्या कार्डावर तुमचा नेहमीचा गेम नेहमीच्या सेटिंगवर चालवा आणि टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, वापर बघा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर नवं कार्ड फरक पाडेल. फ्रेमवर मर्यादा घातलेली नसतानाही तो ६०–७० टक्क्यांवरच रेंगाळत असेल तर प्रोसेसर मागे पडतोय, आणि त्या सेटिंगवर लाखाचं कार्ड लावूनही तेवढ्याच फ्रेम मिळतील.

कॅबिनेटमध्ये काय मोजायचं

कॅबिनेटच्या खोक्यावर ‘कमाल जीपीयू लांबी’ लिहिलेली असते, पण ती बहुतेकदा पुढचा रेडिएटर न धरता. समोर लिक्विड कूलरचा रेडिएटर आणि पंखे असतील तर त्यातून ५० ते ५५ मिमी वजा करा. एनव्हिडियाचं स्वतःचं ५०९० फक्त ३०४ मिमी लांब आणि दोन स्लॉट जाड आहे. आपल्या बाजारात मिळणारी इतर कंपन्यांची तीन पंख्यांची मॉडेल मात्र ३५० मिमीच्या आसपास जातात आणि साडेतीन-चार स्लॉट व्यापतात.

लांबीपेक्षा जास्त फसवते ती रुंदी, म्हणजे मदरबोर्डपासून काचेपर्यंतचं अंतर. वीजजोडणी कार्डाच्या काचेकडच्या कडेला असते आणि केबल कनेक्टरमधून निघाल्यावर किमान ३५ मिमी सरळ राहिली पाहिजे. कार्डाची रुंदी १५० मिमी असेल तर केबलसकट १८५ मिमी झाली. जुन्या मिड टॉवरमध्ये एवढी जागा नसते. मग काच केबलला दाबते, केबल कनेक्टरच्या तोंडाशीच दुमडते, आणि पुढची सगळी दुखणी तिथून सुरू होतात. मदरबोर्डवरच्या पहिल्या लांब स्लॉटच्या वरच्या कडेपासून काचेपर्यंत टेप लावा आणि आकडा लिहून ठेवा.

वीज: एसएमपीएस, केबल, यूपीएस

५०८० ची मर्यादा ३६० वॅट आहे, ५०९० ची ५७५. एनव्हिडिया पहिल्याला ८५० आणि दुसऱ्याला १००० वॅटचा एसएमपीएस सुचवते. ५०९० सोबत जास्त वीज खाणारा प्रोसेसर असेल तर १२०० घ्या. नुसता वॅटचा आकडा पुरेसा नाही. ही कार्डं क्षणभरासाठी मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात आणि जुना एसएमपीएस त्या उसळीला शॉर्टसर्किट समजून संगणक बंद करतो. एटीएक्स ३.० आणि ३.१ मानकांत ही उसळी धरलेली आहे. खोक्यावर एटीएक्स ३.१ आणि ‘१२व्ही-२x६’ हे दोन्ही लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे कार्डाला लागणारी १६ पिनची केबल सोबतच येते.

कार्डासोबत जोडकेबलही मिळते: ५०८० ला तीन आणि ५०९० ला चार आठ-पिन केबली एकत्र करणारी. ती वापरायचीच झाली तर प्रत्येक तोंडाला एसएमपीएसमधून निघालेली वेगळी केबल लावा. एकाच केबलला मध्ये फुटलेली दोन तोंडं असतात, ती दोन्ही एकाच जोडकेबलमध्ये खुपसू नका. आणि जुन्या एसएमपीएसची मॉड्युलर (सुटी काढता येणारी) केबल नव्या एसएमपीएसला कधीच लावू नका. कार्डाकडचं तोंड सारखं असतं, एसएमपीएसकडची पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते. चुकीच्या पिनवर १२ व्होल्ट गेले की कार्ड तिथेच संपतं.

यूपीएसवर व्हीए नाही, वॅट वाचा. घरोघरी असलेला ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो, म्हणजे मॉनिटर आणि प्रोसेसर सोडून एकट्या ५०८० एवढा. ५०८० साठी किमान ९०० वॅटचा आणि ५०९० साठी त्याहून मोठा, शक्यतो प्युअर साइन वेव्हचा यूपीएस लागतो. तो परवडत नसेल तर संगणक थेट भिंतीच्या पॉइंटला लावा. अर्थिंग आहे ना हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरवर नव्हे, मीटर लावून तपासून घ्या. एसी आणि हा संगणक एकाच एक्स्टेंशन बोर्डवर नको.

बिल जीएसटीचंच घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. बिल, खोकं आणि कार्डाच्या मागचा स्टिकर, तिन्हीकडचा नंबर एकच हवा. सील फोडतानाचा सलग व्हिडिओ काढा. परदेशातून नातेवाइकांकडून मागवत असाल तर त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे पैसे देण्याआधी विचारा.

बसवण्याआधीची अर्धी तयारी

नवा ड्रायव्हर आधीच डाउनलोड करून ठेवा, मदरबोर्डचा बायॉस (संगणक सुरू होताना चालणारं मदरबोर्डमधलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करा. विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की फोनमध्ये उतरवून घ्या; बायॉस बदलल्यावर ती विचारली जाऊ शकते आणि नेमकी तेव्हाच सापडत नाही. रेडिऑनवरून एनव्हिडियाच्या जीफोर्सवर किंवा उलट जात असाल तर इंटरनेट तोडून सेफ मोडमध्ये डीडीयू (ड्रायव्हर मुळासकट काढणारं सॉफ्टवेअर) चालवून जुना ड्रायव्हर काढा. त्याच कंपनीचं कार्ड असेल तर इन्स्टॉल करताना ‘क्लीन इन्स्टॉल’ निवडलं की सहसा भागतं.

आता संगणक बंद करा, एसएमपीएसचं बटण बंद करा, केबल काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॅबिनेट टेबलावर आडवं पाडा. जड कार्ड उभ्या कॅबिनेटमध्ये एका हाताने तोलत बसवण्यात काहीच शहाणपणा नाही. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरते.

जुनं कार्ड काढताना आधी वीजकेबल, मग मागचे स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची खिट्टी. ही खिट्टी कार्ड आणि कूलरच्या मध्ये दडलेली असते, बोट पोचत नाही. प्लॅस्टिकच्या पट्टीने दाबा. स्क्रू ड्रायव्हर सटकला तर मदरबोर्डवर ओरखडा उठतो आणि एखादी बारीक तार तुटली की बोर्ड गेला.

नवं कार्ड प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या लांब स्लॉटमध्ये बसवा. मागच्या लोखंडी पट्टीची खालची जीभ मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या फटीत आधी घाला, मग दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. खिट्टी ‘टक्’ वाजते. सोनेरी पट्टी कुठेही दिसता कामा नये. एका बाजूला जरी दिसली तरी कार्ड तिरकं बसलंय. मागचे स्क्रू आवळा, कार्डाच्या मोकळ्या टोकाखाली खोक्यातला टेकू लावा. हा टेकू शोभेचा नाही. दोन-तीन किलोचं कार्ड वर्षभर लोंबत राहिलं तर स्लॉटजवळ बोर्डालाच तडा जाऊ शकतो.

आता ती १६ पिनची केबल. ५७५ वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे जवळपास ४८ अँपिअर, आणि हा प्रवाह सहा बारीक पिनांतून जातो: प्रत्येकी ८. पिनची मर्यादा ९.५ आहे, म्हणजे हाताशी फारसं काही शिल्लक नाही. कनेक्टर मिलिमीटरभर बाहेर राहून दोन पिना नीट टेकल्या नाहीत, तर उरलेल्या चौघींवर १२ अँपिअर येतात. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, आणि प्लॅस्टिक वितळायला लागतं. २०२२ मध्ये मागच्या पिढीचं ४०९० आल्यावर जळालेल्या कनेक्टरचे फोटो फिरले, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी केबल पूर्ण आत गेलेली नव्हती. नंतरच्या १२व्ही-२x६ मध्ये संकेताच्या चार पिना आखूड केल्या, म्हणजे अर्धवट बसलेल्या केबलला कार्ड वीजच मागत नाही. पण धोका पूर्ण गेलेला नाही.

म्हणून केबल दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत ढकला, डावीकडे-उजवीकडे हलवत नको. आवाज हळू येतो, कधी येतच नाही, त्यामुळे कानावर विसंबू नका. मोबाइलचा टॉर्च मारून बाजूने बघा: कार्डाचं प्लॅस्टिक आणि केबलचं प्लॅस्टिक यांच्यात नखाएवढीही फट नको. मग केबल हलकेच मागे ओढा. सुटली नाही पाहिजे. एसएमपीएसकडचं टोकही असंच तपासा, ते सगळे विसरतात. हा कनेक्टर ३० वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला आहे, तेव्हा उगीच काढघाल करू नका.

पहिल्यांदा सुरू करताना

मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डला नाही. ही चूक जाणकारांकडूनही होते. बायॉस नुकताच बदलला असेल तर डीडीआर५ मेमरीची जुळवाजुळव होईपर्यंत पडदा काही मिनिटं काळा राहतो. घाबरून बटण दाबू नका. पंधरा मिनिटांनंतरही काही दिसलं नाही तर वीज काढून आधी स्लॉट, मग केबल पुन्हा बघा. रायझर केबल (कार्ड आणि स्लॉट जोडणारी पट्टी) लावून कार्ड उभं बसवलं असेल तर ती पीसीआय एक्स्प्रेस जनरेशन ४ ची आहे का बघा. ५०८० आणि ५०९० जनरेशन ५ वर धावू बघतात आणि जुनी रायझर ते पेलत नाही. बायॉसमध्ये स्लॉट जनरेशन ४ वर टाका; फ्रेममध्ये फरक जाणवत नाही.

ड्रायव्हर टाकल्यावर बायॉसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू आहे ना बघा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट स्वतः निवडा, नाहीतर १६५ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत राहतो. मग जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. बस इंटरफेसमध्ये गेम चालू असताना ‘x१६’ दिसलं पाहिजे. ‘x८’ दिसत असेल तर बऱ्याचदा कारण दुसरी एम.२ एसएसडी असते. काही मदरबोर्डवर ती कार्डाच्याच लेन (डेटाच्या वाटा) वाटून घेते, तेव्हा ती दुसऱ्या स्लॉटमध्ये हलवा. जीपीयू-झेडमध्येच आरओपीचा (चित्राचे अंतिम पिक्सेल तयार करणारे चिपमधले भाग) आकडा वाचा: ५०९० ला १७६, ५०८० ला ११२, ५०७० टीआय ला ९६. सुरुवातीच्या काही कार्डांत हा आकडा आठने कमी निघाला होता आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये एनव्हिडियाने तो निर्मितीतला दोष मान्य केला. कमी दिसला तर कार्ड बदलून मागायचा तुमचा हक्क आहे.

एचडब्ल्यूइन्फो (व्होल्ट, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू ठेवून अर्धा तास जड गेम चालवा. १६ पिनच्या केबलवरचे व्होल्ट ११.४ च्या खाली जात असतील किंवा गेम सुरू होताच खूप घसरत असतील, तर संपर्क कच्चा आहे किंवा एसएमपीएस दमतोय. जळका वास आला तर आकडे बघत बसू नका, भिंतीचं बटण बंद करा. बारीक भुणभुण मात्र कॉइलची असते, त्यात बिघाड नाही.

एप्रिल-मेमध्ये नागपूर-अकोल्याकडे खोलीच ४० अंशांवर असते. तिथे आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. ५०९० मग ४६० वॅटवर चालतं, फ्रेम मोजक्याच कमी होतात आणि खोलीतला शंभराहून जास्त वॅटचा हीटर बंद होतो.

खोकं आणि आतला फोम टाकू नका. सुट्टीत संगणक गाडीतून गावी न्यायचा असेल तर कार्ड काढून त्याच खोक्यात ठेवा. रस्त्यावरचे हादरे तो टेकू सोसू शकत नाही.