कोळंबीच्या तळ्यातलं चाक: पाती किती बुडवायची?

आमची तळी दाभोळ खाडीच्या काठी. पाण्यात हवा मिसळावी म्हणून तळ्यात मोटरवर फिरणारं पात्यांचं चाक लावतात. नवीन चाक बसवलं की मी आधी मोजपट्टी लावतो. खाली आलेलं पातं पाण्यात 9 ते 11 सेंटिमीटर, बस्स. जास्त बुडालं तर मोटर तापते, कमी बुडालं तर नुसता फेस. फेरे मिनिटाला 80 ते 90. पाती सपाट नकोत. खोलगट, भोकांची घ्या. भोकांतून पाणी बारीक थेंबांत फुटतं आणि त्या थेंबांतच हवा मिसळते.

चाक ज्यावर तरंगतं त्या तराफ्याला कालवं, शेवाळ चिकटलं की तो खाली बसतो आणि माप चुकतं. दर आठवड्याला खरवडा. गेल्या वर्षी माझ्याकडून ते राहिलं, मोटर जळाली, पहाटे कोळंबी काठाला येऊन तडफडत होती. प्राणवायू पहाटेच सर्वांत कमी असतो. आता चारला मी बांधावर असतो.