आतली भिंत पाडायच्या आधी माळ्यावर काय बघायचं

टॉर्च, टेप, खडू, मास्क. पाय दांड्यांवरच ठेवायचा, सीलिंगवर नाही.

खाली उभं राहून भिंतीवर टकटक करत बसू नका. लाकडी चौकटीची भार पेलणारी भिंतही पोकळच वाजते. ही भिंत वरचा भार घेते का, याचं उत्तर वर माळ्यावर मिळतं.

आधी छताखाली खरोखर कैच्या आहेत का ते ठरवा. वर उतरते दांडे, खाली आडवा दांडा, मधे तिरके दांडे आणि सांध्यांवर दातेरी पत्रे किंवा बोल्ट असतील तर ती कैची. मधलं काहीच नसून नुसते वासे आणि आडव्या तुळया असतील तर त्या तुळया बहुतेक वेळा मधल्या भिंतीवरच जोडलेल्या असतात. तिथेच थांबा आणि स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा.

कैच्या असतील तर त्या साधारणपणे एका बाहेरच्या भिंतीवरून थेट दुसऱ्या बाहेरच्या भिंतीवर जातात आणि आतल्या भिंतींवर छताचा भार येत नाही. पण हे ऐकून खाली उतरू नका. प्रत्येक कैची बघा. माळ्याच्या तोंडाशी दिसते ती एक बघून बाकीच्या तशाच असतील असं धरायचं नाही. मागच्या वेळी माझं हेच राहिलं होतं. भिंत जिथून सुरू होते तिथून संपते तिथपर्यंत सरपटत जा आणि बघून झालेल्या प्रत्येक कैचीवर खडूने आकडा टाका. कोपरा अडचणीचा आहे, धूळ आहे, वाकता येत नाही, तरी जा. घराचा आकार जिथे वळतो, खोली जिथे रुंद होते, तिथेच कैची बदलते.

बघायचं काय? खालचा दांडा कुठे जोडलाय ते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना दातेरी पत्रा असेल तर तो कारखान्यातला जोड, नुसत्या त्या जोडाची चिंता नाही. दोन टोकं नुसती भिंतीच्या माथ्यावर येऊन टेकली असतील आणि पत्रा नसेल, तर ती भिंत भार घेतेय. तिरके दांडे बरोबर भिंतीच्या डोक्यावर एकत्र येत असतील तर संशय धरा. तो पुरावा नव्हे, कारण असे सांधे दुसरीकडेही असतातच. दोन-तीन कैच्या एकत्र ठोकून केलेली जाड कैची दिसली आणि तिच्या कुशीला बाकीच्या कैच्या लोखंडी खोबणीत अडकवलेल्या असतील, तर तिची दोन्ही टोकं कुठे टेकतात ते शोधा. एक टोक आतल्या भिंतीवर असू शकतं, आणि मग त्या एका जागी फार मोठा भार उतरतो. म्हणूनच म्हणतोय, प्रत्येक कैची.

भिंत आणि कैची यांच्यात फट असेल आणि उभ्या खाचेची क्लिप असेल, तर तिथे भार न घेण्याचीच योजना आहे. खिळा त्या खाचेत वर-खाली सरकतो, कारण दमट-कोरड्या हवेत कैची हलते. ही फट पाचर मारून बुजवू नका. बाहेरच्या दोन टोकांवरच टेकणाऱ्या कैचीचा खालचा दांडा ताणात असतो. मधेच टेकू दिला की ताण आणि दाबाची वाटणी बदलते आणि ज्या दांड्यावर दाब यायचा नव्हता त्यावर तो येतो. उलट, फट नाही म्हणजे भार आहेच असंही नाही.

कैचीचा कारखान्याचा नकाशा मिळाला तर सगळ्यात उत्तम, त्यात आधाराच्या जागा दाखवलेल्या असतात. कैचीवर चिकटवलेला कागद असेल तर त्याचा फोटो काढा.

वर मजला असेल तर नुसतं छत बघून चालत नाही, त्या मजल्याच्या तुळयाही बघा. वाऱ्याचा आडवा जोर कोणती भिंत घेते, हे इंजिनीअरला विचारा. त्याचं उत्तर लेखी घ्या.

पाडायच्या दिवशी वीज बंद, पाणी बंद. शंका असेल तिथे आधी इंजिनीअरला विचारून टेकू, मग हातोडा. कैचीचा एकही दांडा कापायचा नाही, वायर न्यायला भोकसुद्धा पाडायचं नाही.