रस्टमधली मेमरी फुगते कशी: स्मार्ट पॉइंटर वापरताना या चुका टाळा

‘रस्टमध्ये लिहिलंय, म्हणजे मेमरी लीक होणार नाही,’ असं मुलाखतीत कुणी म्हटलं की मी लगेच विचारतो, मग दोन आरसींनी (आपल्याला किती जणांनी धरलंय ते मोजणाऱ्या स्मार्ट पॉइंटरांनी) एकमेकांना धरून ठेवलं तर काय होईल? बहुतेक जण इथे गप्प होतात. रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा हमी देते ती वेगळ्याच गोष्टींची. मोकळी केलेली जागा पुन्हा वाचली जाणार नाही, एकच जागा दोनदा मोकळी होणार नाही, दोन थ्रेड (प्रोग्रॅममधले एकाच वेळी चालणारे धागे) एकाच डेटावर बेशिस्त लिहिणार नाहीत. वापरून झालेली जागा वेळेत मोकळी होईलच (ती अडकून राहणं म्हणजेच लीक), अशी हमी ती कुठेही देत नाही.

ही गोष्ट भाषा घडवणाऱ्यांनाही १.० आवृत्तीच्या तोंडावर जाणवली होती. तेव्हा लायब्ररीत ठरलेल्या चौकटीपुरते थ्रेड उघडायची ‘थ्रेड::स्कोप्ड’ नावाची सोय होती. तिचा सगळा भरवसा एका गार्डवर होता: गार्ड ही राखण करणारी वस्तू ड्रॉप होताना, म्हणजे नष्ट होताना, थ्रेड संपेपर्यंत थांबायचं. पण आरसीचं चक्र करून तो गार्ड कधीच ड्रॉप होऊ द्यायचा नाही, हे पूर्णपणे सुरक्षित कोडमध्येच जमतं, असं लक्षात आलं. १५ मे २०१५ ला १.० आली तेव्हा स्थिर सोयींमध्ये स्कोप्ड नव्हती. स्कोप्ड थ्रेड परत आले ते २०२२ मध्ये, १.६३ आवृत्तीत, आणि तेही गार्डऐवजी क्लोजरच्या (निनावी फंक्शनच्या) चौकटीत.

मालक ठरायच्या आधीच आरसी

उदाहरण आपल्या नाशिक जिल्ह्यातलंच घेऊ, कांद्याच्या लिलावाचं. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला आवारात काय चालतं ते इथल्या वाचकाला सांगायला नको: ट्रॅक्टरची गेटवर नोंद, लिलावात भाव, काट्यावर वजन, व्यापाऱ्याच्या खळ्यावर माल खाली, शेवटी हिशोबपट्टी. याचा सर्व्हर लिहायला बसलं की हात आपोआप आरसी<रेफसेल<गाडी>> कडे जातो. आरसीमुळे एका वस्तूला अनेक मालक मिळतात, रेफसेलमुळे तिची किंमत बदलता येते. गाडीला शेतकरी हवा, शेतकऱ्याला त्याच्या गाड्यांची यादी हवी. लॉटला व्यापारी हवा, व्यापाऱ्याला त्याचे लॉट हवेत. जावा किंवा पायथनमधून आलेल्याला यात काही वावगं वाटत नाही, कारण तिथे अशी चक्रं हुडकून मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर असतो.

रस्टमध्ये तो नाही. आरसीकडे फक्त मोजणी असते. स्ट्राँग मोजणी (मालकी असलेल्या हातांची) शून्यावर आली की आतली किंमत ड्रॉप होते. गाडी शेतकऱ्याला धरून आणि शेतकरी गाडीला धरून बसला, तर बाहेरचे सगळे हात सुटले तरी दोघांची मोजणी एकावर अडकते. कंपायलर एक शब्द बोलत नाही, लॉगमध्ये काही येत नाही. प्रोग्रॅमची मेमरी मात्र आवक वाढेल तशी चढत जाते. मग कुणीतरी रोज पहाटे सर्व्हर रीस्टार्ट करायचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावतो आणि दुखणं पुढच्या हंगामापर्यंत झाकलं जातं. हा क्रॉन दिसला की आधी त्याच्यावर संशय घ्यावा.

तपासायचं कसं? गाडीच्या टाइपला तात्पुरता ड्रॉप (नष्ट होताना चालणारं फंक्शन) लिहा आणि त्यात गाडीचा क्रमांक छापा. दिवसाची नोंदवही बंद केल्यावर क्रमांक छापले गेले नाहीत, तर गाडीला कुणीतरी धरून ठेवलंय. कुणी, हे शोधायला शेवटचा हात सुटायच्या जरा आधी आरसी::स्ट्राँग_काउंट बघा. तिथे एक अपेक्षित असताना दोन किंवा तीन दिसले की आरसी क्लोन केलेल्या (तिचा आणखी एक हात काढलेल्या) जागा एकेक करून चाळायच्या. लिनक्सवर हीपट्रॅक हे मेमरी तपासायचं साधन लावलं तर कोणत्या फंक्शनमधून घेतलेली मेमरी शेवटपर्यंत परत आली नाही, तेही दिसतं.

उपाय म्हणून ‘पालकाकडून मुलाकडे स्ट्राँग, मुलाकडून पालकाकडे वीक’ हा नियम सगळीकडे सांगितला जातो (वीक म्हणजे मालकी नसलेला पॉइंटर). तो पाठ करू नका. आपल्या उदाहरणात तो उलटा पडतो. शेतकऱ्याची नोंद वर्षानुवर्षं राहते, गाडीची नोंद एका दिवसाची, आणि गाडीची खरी मालकी त्या दिवसाच्या नोंदवहीकडे. म्हणून गाडीकडून शेतकऱ्याकडे स्ट्राँग चालेल, शेतकऱ्याकडची गाड्यांची यादी वीकची हवी. वीकवर अपग्रेड केलं की ऑप्शन मिळतो, म्हणजे आत वस्तू असेल किंवा नसेल. तिथे ती आहेच असं धरून डोळे मिटून अनरॅप करणं म्हणजे आजचा प्रश्न उद्याच्या पॅनिकवर (प्रोग्रॅम कोसळण्यावर) ढकलणं.

वीक लावूनही मेमरी पूर्ण उतरत नाही, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते आणि ती खरी असते. शेवटचा स्ट्राँग गेला की किंमत ड्रॉप होते, पण मोजणी आणि किंमत ज्या एकाच ठोकळ्यात असतात तो ठोकळा शेवटचा वीक जाईपर्यंत हीपवर (चालताना मागून घेतलेल्या मेमरीत) राहतो. शेतकऱ्याच्या यादीत मेलेले वीक साचत गेले तर रिकामे ठोकळेही साचतात. अधूनमधून रिटेन चालवून स्ट्राँग मोजणी शून्य असलेले वीक यादीतून काढून टाका.

माझ्या मते मात्र अशा कामाला आरसी लागतच नाही. गाड्यांचा एक वेक (वाढत जाणारी यादी), शेतकऱ्यांचा एक वेक, आणि एकमेकांचा संदर्भ फक्त क्रमांकाने. गाडीला गेटवर क्रमांक मिळतोच, मग प्रोग्रॅममध्येच पॉइंटरचा हट्ट कशाला? यात एक खड्डा आहे: वेकमधली रिकामी झालेली जागा दुसऱ्या गाडीला दिली आणि जुना क्रमांक कुठे शिल्लक राहिला, तर एकाचा भाव दुसऱ्याच्या ट्रॅक्टरला लागेल. कंपायलर इथे मदतीला येणार नाही. जागेसोबत पिढीचा आकडाही तपासणारं स्लॉटमॅप हे क्रेट (रस्टची लायब्ररी) नेमकं यासाठीच आहे.

रेफसेल: ‘ऑलरेडी म्यूटेबली बॉरोड’

बॉरो म्हणजे वस्तू उसनी घेणं; एकजण लिहायला घेऊन बसला असताना दुसऱ्याला ती वाचायलाही मिळत नाही. रेफसेल बॉरोचे नियम माफ करत नाही. कंपायलरचं काम प्रोग्रॅम चालतानाच्या वेळेवर ढकलतो, एवढंच. नेहमीची फजिती अशी: लॉटवर बॉरो_म्यूट (लिहिण्यासाठी बॉरो) करून भाव लिहिला, आणि तो बॉरो हातात असतानाच फलकाला कळवणारं फंक्शन बोलावलं. ते फंक्शन तोच लॉट वाचायला बॉरो मागतं आणि प्रोग्रॅम पॅनिक होतो. बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलावलं त्याची यादी) चालू करून बघितला तर पॅनिकची ओळ दुसऱ्या बॉरोची दिसते. अपराधी पहिला बॉरो असतो, तो बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये सापडतो. पॅनिकच्या ओळीशीच झटापट करत बसू नका.

आधी भाव लिहा, कळवायला लागेल तेवढी माहिती कॉपी करून घ्या, तो बॉरो छोट्या ब्लॉकमध्ये संपवा, मग कळवा. ट्राय_बॉरो_म्यूट लावून एरर गिळण्याचा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. पॅनिक जाईल, पण एखादा भाव नोंदलाच जाणार नाही, आणि ते कुणाला कळणारही नाही. पैशांमधला भाव साध्या पूर्णांकात ठेवला असेल तर रेफसेलऐवजी नुसता सेल (बॉरो न देता किंमत बदलू देणारा) पुरतो.

आर्क, म्यूटेक्स आणि गोठलेला प्रोग्रॅम

आर्क म्हणजे थ्रेडमध्ये वाटता येणारी आरसी, म्यूटेक्स म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप. आरसी दुसऱ्या थ्रेडमध्ये पाठवली की कंपायलर अडवतो. आर्क<रेफसेल<...>> केलं तरी अडवतो. शेवटी आर्क<म्यूटेक्स<...>> ला तो हो म्हणतो आणि माणूस सुटकेचा श्वास सोडतो. यानंतर प्रोग्रॅम गोठला तर आधी मॅच (किमतीनुसार फांद्या निवडणारी रचना) बघा. मॅचच्या तोंडाशीच लॉक घेऊन काही शोधलं असेल, तर लॉक धरून ठेवणारा तो तात्पुरता गार्ड अख्खा मॅच संपेपर्यंत जिवंत राहतो. आतल्या एखाद्या फांदीत तोच म्यूटेक्स पुन्हा लॉक केला की खेळ संपला. व्हाइल लेटचंही तसंच: लूपच्या अटीत घेतलेला लॉक त्या फेरीचं अंग संपेपर्यंत सुटत नाही, म्हणून चार कामगार थ्रेड ठेवले तरी काम एकच करतो. २०२४ च्या एडिशनमध्ये (भाषेच्या नियमांच्या संचात) इफ लेटचे तात्पुरते गार्ड एल्सच्या आधी सुटू लागले. मॅचचं वागणं मात्र जुनंच आहे. लॉक घेऊन हवी ती किंमत वेगळ्या लेट ओळीत काढून घ्यायची सवय लावली की एडिशन कुठली हे आठवावं लागत नाही.

किरकोळ, पण वेळखाऊ

बॉक्स::न्यू मध्ये मोठा अ‍ॅरे दिला तर तो थेट हीपवरच बनेल असं नाही. बॉक्स वस्तू हीपवर ठेवतो, पण डीबग बिल्डमध्ये ती आधी स्टॅकवर (फंक्शनच्या मर्यादित तात्पुरत्या जागेत) बनून मग हलवली जाते. लिनक्सवर मुख्य थ्रेडला सहसा ८ एमबी स्टॅक मिळतो, रस्टने उघडलेल्या थ्रेडला २. टेस्ट वेगळ्या थ्रेडमध्ये चालतात, म्हणून प्रोग्रॅम नीट चालतो आणि कार्गो टेस्ट (टेस्ट चालवायची आज्ञा) मात्र कोसळते, हा चमत्कार घडतो. वेक बनवून त्याचा बॉक्स करून घ्या.

वेकवर क्लिअर मारलं की घटक जातात, क्षमता तेवढीच राहते. जागा परत हवी तर श्रिंक_टू_फिट. त्यानंतरही अ‍ॅलोकेटर ती ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच देईलच असं नाही. मेमरीचा आलेख चढून सपाट झाला तर लीक समजून घाबरू नका. चढतच राहिला तर शोधा.

बॉक्सच्या गाठी मारून केलेली लाखो नोडची लिंक्ड लिस्ट ड्रॉप होताना एकात एक फंक्शन बोलावत जाते आणि स्टॅक संपतो. स्वतः ड्रॉप लिहून, टेक करत (एकेक नोड बाहेर काढत) लूपने सोडवा. त्याआधी लिंक्ड लिस्ट खरंच हवी का, तेही बघा. बहुतेकदा नको असते.

सी लायब्ररीच्या सीमेवर

वजनकाट्याच्या इंडिकेटरशी बोलायला सी भाषेतली लायब्ररी मिळाली की अनसेफ (कंपायलरने हमी न दिलेला कोड) येतंच. इथली सर्वांत सामान्य चूक एका ओळीची आहे: सीस्ट्रिंग::न्यू करून (सीला चालणारा मजकूर बनवून) त्याच ओळीत अ‍ॅज_पीटीआर घ्यायचं आणि तो पॉइंटर व्हेरिएबलमध्ये ठेवायचा. ओळ संपताच सीस्ट्रिंग ड्रॉप होते आणि पुढच्या ओळीत तुम्ही मोकळ्या झालेल्या जागेचा पत्ता सीच्या हाती देता. कंपायलर यावर लिंटची (संशयास्पद कोडबद्दलची) सूचना देतो, फक्त ती बाकीच्या पिवळ्या ओळींच्या गर्दीत दिसली पाहिजे. सीस्ट्रिंग आधी स्वतंत्र व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि काम होईपर्यंत जिवंत ठेवा.

दुसरी चूक मोकळं करण्याची. इंटू_रॉ करून (मालकी सोडून कच्चा पॉइंटर म्हणून) दिलेली वस्तू फ्रॉम_रॉ करूनच परत घ्यायची. सीच्या बाजूने तिच्यावर फ्री चालवायचं नाही, आणि सीने मॅलॉकने दिलेली जागा बॉक्समध्ये कोंबायची नाही. अशा जोडकामात मिरी या रस्टच्या तपासणी-साधनाचा फारसा उपयोग होत नाही, कारण सीचा कोड बहुतांशी तिच्या आवाक्याबाहेर असतो. तिथे मेमरीच्या चुका पकडणारं वॅलग्रिंड किंवा अ‍ॅड्रेस सॅनिटायझर लावा, आणि तेही इंडिकेटर खरोखर जोडलेला असताना. खोट्या डेटावर चालवलं तर सीची ती वाट बऱ्याचदा चालतच नाही.