बेळगावात घर घेण्याआधी उतारा वाचायला शिका

आम्ही 2001 साली चंदगड तालुक्यातून बेळगावला आलो. नवरा उद्यमबागला फाउंड्रीत लागला, मी वडगावात मागावर. तेव्हापासून आमच्या गावाकडचं कुणी आलं की पहिला मुक्काम आमच्याकडे असतो, आणि दोन वर्षं होतात न होतात तोच प्रत्येकजण एकच प्रश्न घेऊन येतो: "वहिनी, एक प्लॉट स्वस्तात मिळतोय, बाँडवर. घेऊ काय?"

नका घेऊ. का ते सांगते, कारण आम्ही घेतला होता.

2006 ची गोष्ट. शहराबाहेर शेतात चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, अर्ध्या अर्ध्या गुंठ्याचे तुकडे. गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, तेव्हा अर्ध्यात दोन खोल्या बसतात. 60 हजार ठरले. माझं मंगळसूत्र सोडून सगळं सोनं गेलं. शंभराच्या बाँडवर, म्हणजे स्टँपपेपरवर, मजकूर, खाली नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदार. तो लाल शिक्का बघून मला वाटलं की सरकारनेच सही केली. नोटरी फक्त सही कुणी केली ते बघते, जमीन कुणाची ते नाही. शंभर रुपयांवरच्या कुठल्याही जमिनीची विक्री सब-रजिस्ट्रारकडे नोंदवल्याशिवाय मालकी येत नाही. हा कायदा 1908 पासूनचा आहे, आणि आम्हाला तो माहीत नव्हता.

बरं, आम्ही अगदीच डोळे मिटून गेलो नव्हतो. ईसी काढली होती, म्हणजे जमिनीवरचे नोंदवलेले व्यवहार आणि बोजे दाखवणारा सब-रजिस्ट्रारचा दाखला. एजंटाने हाताने लिहिलेल्या जुन्या पहाणीची (इथल्या जमिनीच्या उताऱ्याची) झेरॉक्स दिली, त्यावरून सर्वे नंबर टाकून अर्ज केला. नमुना 16 आला, म्हणजे कोरा, जमिनीवर काही बोजा नाही. आम्ही पेढे वाटले. तीन वर्षांनी सोसायटीची माणसं कर्जाच्या वसुलीला शेतात उभी राहिली तेव्हा कळलं, नंबरच चुकला होता. कन्नडमधला सहा आणि सात जवळजवळ सारखेच दिसतात, फरक फक्त शेपटीच्या वळणाचा. आम्ही दुसऱ्याच्याच जमिनीची ईसी काढून बसलो होतो. खऱ्या नंबरावर नमुना 15 निघाला, कर्जाच्या नोंदीसकट. आणि त्याच तुकड्यावर आमच्याआधी आणखी एका कुटुंबाचा बाँड होता. तो ईसीत दिसणारच नव्हता, कारण ईसीत फक्त नोंदवलेले व्यवहार येतात. पैसे परत आले नाहीत.

म्हणून माझं पहिलं सांगणं जमिनीचं नाहीच, अक्षरांचं आहे. मराठी आपली आहे, घरात आणि गल्लीत तीच राहू दे. पण इथला उतारा कन्नडमध्ये असतो. कन्नड आकडे, "मालक", "कर्ज", "सरकार" एवढे शब्द तरी तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना ओळखता आले पाहिजेत. महिन्याभरात येतात. माझ्या मुलीने मला शिकवले, भाकऱ्या करता करता पिठात बोटाने काढून. उतारा नेहमी 'भूमी'चा, म्हणजे सरकारच्या कॉम्प्युटरवरच्या जमीन नोंदींतला, ताजा काढा. 9 नंबरच्या रकान्यात मालकाचं नाव, 11 मध्ये इतरांचे हक्क आणि बोजा. एजंटाच्या झेरॉक्सवर एक रुपया देऊ नका. ईसी किमान 30 वर्षांची काढा.

घाई कशाला होते तेही मला ठाऊक आहे. भाड्याच्या खोलीत दर अकरा महिन्यांनी ट्रंक उचलायची, मुलांची शाळा, मालकिणीची बोलणी. तरीही पहिली तीन-चार वर्षं वडगाव, खासबाग, अनगोळकडे भाड्यानेच काढा. डिपॉझिटची पावती घ्या. इथे 'लीज'वरही घरं मिळतात: एकरकमी पैसे द्यायचे, महिन्याचं भाडं नाही, सोडताना रक्कम परत. वर्षाहून जास्त मुदतीचं लीज असेल तर ते नोंदवून घ्या, आणि घरावर बँकेचं कर्ज आहे काय तेही बघा, नाहीतर तुमची रक्कम मालकाच्या हप्त्यात बुडेल.

या वर्षांत कागद उभे करा. गावाकडच्या रेशनकार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणा, इथलं कार्ड काढा, आधारवरचा पत्ता बदला. सरकारी घरकुलाला हेच लागतं. खेड्यात बसव वसती किंवा आंबेडकर निवास योजनेचे लाभार्थी ग्रामसभेत ठरतात, म्हणून ग्रामसभेला जा, मागे बसू नका, नाव बोलून घ्या. महाराष्ट्रातल्या जातीच्या दाखल्यावर इथे आरक्षणाचा लाभ मिळत नाही, ते आधीच समजून असा. कुठलाही अर्ज दिला की 'सकाल'ची, म्हणजे सरकारी कामं मुदतीत देण्याच्या इथल्या योजनेची, नंबर असलेली पोच मागा. ते काम 'सकाल'च्या यादीत असेल तर 2011 च्या कायद्याने मुदतीत काम करणं त्यांना बंधनकारक आहे.

घ्यायची वेळ आली की पंचायत हद्दीत 'ई-स्वत्तु'चे, म्हणजे पंचायतीच्या कॉम्प्युटरवरच्या मिळकत नोंदीचे, नमुना 9 आणि 11-अ मागा. 11-ब दाखवला तर थांबा, त्या जागेची बिनशेती किंवा मंजुरी बहुधा राहिलेली असते. शहराच्या बाजूला लेआउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी आहे काय ते बुडात जाऊन विचारा, फलकावर वाचू नका. घरपट्टीची पावती आणि हेस्कॉमचं वीजबिल म्हणजे मालकी नव्हे. आणखी एक: जमीन पूर्वी सरकारने दलित किंवा आदिवासी कुटुंबाला दिलेली असेल तर 1978 च्या कायद्याने परवानगीशिवाय तिची विक्री रद्द होते. ती त्यांची हक्काची जमीन आहे. स्वस्त मिळते म्हणून तिच्याकडे वळू नका.

सरकारी जागेवर आधीच घर बांधून राहणाऱ्यांसाठी जमीन महसूल कायद्याच्या खेड्यात 94-सी आणि शहरात 94-सीसी कलमाखाली ते घर कायदेशीर करून घ्यायच्या अर्जाची सोय आहे, तहसीलदारांकडे, मुदत खुली असेल तेव्हाच. जुनी वीजबिलं जपून ठेवा, तिथे ती उपयोगी पडतात.

कागदाची किंमत मी 2019 च्या ऑगस्टमध्ये पुन्हा पाहिली. पाणी शिरलं, मातीची घरं बसली. पूर्ण पडलेल्या घराला सरकारने 5 लाख जाहीर केले. माझ्याबरोबर मागावर असलेल्या एका बाईची चारही भिंती गेल्या, आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत तोच शंभराचा बाँड घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढत-उतरत राहिली.

आमचं आताचं घर 2016 चं. खरेदीपत्राच्या आदल्या दिवशी मी ईसी पुन्हा काढली, नंबर स्वतः बोट ठेवून वाचला. घर माझ्या नावावर आहे. तुम्हाला उतारा दाखवायचा असेल तर रविवारी सकाळी या, त्या दिवशी माग बंद असतो.