चार्जिंग पोर्ट बसवल्यावर स्कूटरची बॅटरी उतरणे: माझा अनुभव

मोबाइल चार्जिंगचा पोर्ट थेट बॅटरीवरून बसवल्यापासून, गाडी सुट्टीत उभी राहिली की सेल्फ घेत नसे. बॅटरी बाहेरून चार्ज करून फरक पडला नाही. हेडलाइटच्या तारेवरून जोडणी घेतली, तर इंजिनच्या वेगाबरोबर चार्जिंग तुटू लागले. रामबागेतून रोज किक मारत निघणे जिवावर आले होते.

चावी काढून, बॅटरीचे ऋण टोक आणि त्याची तार यांच्यामध्ये मल्टिमीटर (वीजप्रवाह मोजायचे यंत्र) लावल्यावर पोर्टकडे सतत प्रवाह जाताना दिसला, कारण 12 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारे सर्किट फोन नसतानाही चालूच असते. जेल रोडवरून 12 व्होल्टचा चार पायांचा रिले (एका तारेत वीज आली की दुसरी तार आपोआप जोडणारा स्विच) आणला. आधी ऋण टोक सोडवले. मग धन टोकापासून, त्याच्या अगदी जवळ 3 अँपिअरचा फ्यूज घालून (5 व्होल्ट, 2 अँपिअरच्या पोर्टला 12 व्होल्टवर साधारण 1 अँपिअरच लागतो) तार 30 क्रमांकाच्या पायाला आणली. 87 ला पोर्टची लाल तार, 85 ला चासीची (गाडीच्या धातूच्या सांगाड्याची) अर्थिंग आणि 86 ला हॉर्नची अशी तार जोडली, जिच्यात चावी फिरवल्यावरच 12 व्होल्ट येतात. ही तार रंगावरून ओळखू नये, मीटरनेच शोधावी. पोर्टची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला नेऊन ते टोक सर्वांत शेवटी आवळले. आता चावी बंद करताच पोर्टचा निळा दिवा विझतो.