डोळे आल्यावर थेंब कसे टाकावेत

डोळे आले की आपण औषधाचं नाव विचारतो, दिवसातून किती वेळा ते विचारतो, पण ते टाकायचं कसं हे सहसा कुणी विचारत नाही. आईचे डोळे आले तेव्हा थेंब टाकायचं काम माझ्याकडे होतं. मान मागे करायची, डोळा ताणून उघडायचा आणि बाटली थेट बुबुळावर धरून दाबायची, एवढंच मला माहीत होतं. थेंब दिसला की तिचा डोळा मिटायचा आणि औषध गालावरून ओघळायचं. मग दुसरा थेंब, मग तिसरा. दोन दिवसांत बाटली अर्धी झाली. शेवटी एका नर्सनं आईची खालची पापणी हलकेच खाली ओढली. आत लालसर, ओलसर असा छोटा खिसा दिसला. ती म्हणाली, "थेंब डोळ्यावर नको, इथे पडू दे." पुढचं सगळं त्या खिशाभोवतीच आहे.

आधी थेंब कोणते, ते ठरू द्या

डोळे येण्याची मुख्य कारणं तीन: विषाणू, जिवाणू आणि ॲलर्जी. सर्वांत जास्त आढळतो तो विषाणूचा प्रकार, आणि त्यामागे बहुधा ॲडिनोव्हायरस असतो. डोळ्यातून पाणी वाहतं, वाळू गेल्यासारखं खुपतं, आधी एक डोळा लाल होतो आणि काही दिवसांत दुसराही. या विषाणूवर अँटिबायोटिक थेंबांचा काहीही उपयोग होत नाही. दुखणं एक-दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत आपोआप ओसरतं. तोवर कृत्रिम अश्रूंच्या थेंबांनी आणि गार पाण्याच्या घडीने आराम पडतो. पिवळी-हिरवी घट्ट चिपडं येत असतील आणि सकाळी पापण्या चिकटलेल्या असतील, तर जिवाणूंची शक्यता जास्त. तिथे अँटिबायोटिक थेंब कामी येतात. ॲलर्जीत दोन्ही डोळ्यांना अनावर खाज सुटते आणि त्याचे थेंब वेगळेच असतात.

ही लक्षणं एकमेकांत मिसळतात, म्हणून औषध डॉक्टरांनाच ठरवू द्या. घरात पडून असलेले स्टेरॉइडचे थेंब तर अजिबात टाकू नका. लाली झटकन उतरते म्हणून ते गुणकारी वाटतात. पण मुळात हर्पिसचा विषाणू असेल, तर स्टेरॉइडमुळे तो कॉर्नियात, म्हणजे डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्यात, पसरतो आणि नजर कायमची जाऊ शकते.

थेंब टाकण्यापूर्वी

साबणाने किमान 20 सेकंद हात धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा आणि डोळे पूर्ण बरे होईपर्यंत पुन्हा लावू नका. चिपडं तशीच ठेवून थेंब टाकला तर औषध त्यांच्यातच अडकतं. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून पिळा आणि मिटलेली पापणी नाकाकडून कानाच्या दिशेनं पुसा. प्रत्येक वेळी नवा बोळा घ्या. वाळून घट्ट झालेली चिपडं ओढू नका, ओला बोळा मिनिटभर ठेवला की ती सुटतात.

बाटलीवरचं नाव दर वेळी वाचा. कानात टाकायच्या थेंबांची बाटली अगदी अशीच दिसते. 'हलवून वापरा' असं लिहिलं असेल तर हलवा, नाहीतर औषध तळाशीच राहतं.

आता थेंब

खुर्चीत बसून मान मागे टेका किंवा सरळ आडवे व्हा. नजर वर छताकडे. एका हाताच्या बोटाने खालची पापणी हळूच खाली ओढली की तो खिसा उघडतो. दुसऱ्या हातात बाटली उलटी धरा आणि त्या हाताचं मनगट कपाळावर टेकवा. हात थरथरत असेल त्यांना या टेकूचा फार आधार होतो. बाटलीचं टोक डोळ्यापासून एक-दोन सेंटिमीटर वर राहू द्या. ते पापणीला, पापणीच्या केसांना किंवा बोटाला लागलं तर जंतू बाटलीत जातात आणि पुढचा प्रत्येक थेंब तेच जंतू डोळ्यात परत आणतो.

एकच थेंब टाका. त्या खिशात जेमतेम 30 मायक्रोलिटर मावतं आणि बाटलीतून पडणारा एक थेंबच साधारण 30 ते 50 मायक्रोलिटरचा असतो. पहिल्या थेंबानेच जागा भरते, दुसरा गालावरून वाहून जातो. पहिला थेंब नेमका बाहेर पडला, तरच दुसरा टाका.

मग पापणी सोडा आणि डोळा अलगद मिटा. घट्ट आवळू नका, उघडझाप करू नका, त्याने औषध बाहेर ढकललं जातं. मिटलेल्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबून धरा. अश्रू नाकात नेणारी नळी तिथून सुरू होते. थेंब टाकल्यावर घशात कडू लागतं ते औषध याच वाटेने उतरतं म्हणून. कोपरा दाबला की ते डोळ्यात जास्त वेळ टिकतं.

दोन्ही डोळ्यांत टाकायचं असेल तर कमी लाल डोळ्यापासून सुरुवात करा. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, आणि मलम असेल तर ते सगळ्यात शेवटी. मलमाने काही वेळ धूसर दिसतं, तेव्हा गाडी चालवू नका. शेवटी पुन्हा हात धुवा. संसर्ग नजरेने पसरत नाही, तो हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यावरून पसरतो. या वस्तू वेगळ्या ठेवा.

लहान मूल असेल तर

डोळे उघडायची जबरदस्ती करू नका. मुलाला उताणं झोपवा, डोळे मिटायला सांगा आणि नाकाकडच्या कोपऱ्यात एक थेंब ठेवा. मग "आता उघड बघू" म्हणा. पापणी उघडली की थेंब आपोआप आत उतरतो.

डॉक्टरांकडे पुन्हा कधी

अँटिबायोटिक सुरू करून दोन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा. डोळ्यात जोरात दुखणं, उजेड सहन न होणं, चिपडं पुसूनही धूसर दिसणं, डोळ्याला मार लागलेला असणं किंवा रसायन गेलेलं असणं, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नका. रसायन गेलं असेल तर आधी भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि मग निघा. लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला, तरी त्याच दिवशी जा. महिन्याच्या आतल्या बाळाचे डोळे आले असतील, तर घरी काहीही न टाकता लगेच दवाखाना गाठा.

बाटलीचं काय करायचं

उघडल्याची तारीख पेनाने बाटलीवरच लिहा. बहुतेक बाटल्या उघडल्यापासून चार आठवड्यांनी टाकून द्यायच्या असतात, मग छापील मुदत कितीही लांबची असो. काही थेंब फ्रिजमध्ये ठेवावे लागतात, ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. घरात दोघांचे डोळे आले तर दोघांना दोन बाटल्या हव्यात. डोळा दोन दिवसांत स्वच्छ दिसू लागला तरी सांगितलेले दिवस पुरे करा, आणि मग उरलेलं औषध फेकून द्या, भले बाटली अर्धी भरलेली असो.