आधी चेंडू, मग माणूस

पहिल्याच ॲनिमेशनला माणूस चालवायला जाऊ नका. मी गेलो होतो. तीन रविवार खपले आणि त्याचा गुडघा उलटा वाकला तो वाकलाच.

चेंडू घ्या. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आपसूक सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं धरतं. फ्रेम १ वर चेंडू उंच ठेवा आणि कीबोर्डवरचं ‘आय’ दाबून कीफ्रेम लावा, म्हणजे त्या फ्रेमला चेंडू कुठे हवा त्याची खूण, १३ वर जमिनीला टेकवा, २५ वर पुन्हा उंच. चालवून बघाल तर तो जमिनीपाशी फुग्यासारखा मंदावेल. तुमचं काही चुकलेलं नाही. दोन कीफ्रेममधला वेग ब्लेंडर दोन्ही टोकांना हळू करतं. ग्राफ एडिटरमध्ये, म्हणजे हालचाल रेषेने दाखवणाऱ्या खिडकीत, तळाचा बिंदू निवडा, ‘व्ही’ दाबून ‘व्हेक्टर’ करा, म्हणजे तिथलं गोल वळण टोकदार होईल. आता आपटेल!

माझा आपटला तेव्हा आईला हाक मारून दाखवला. ती म्हणाली, “आवाज कुठाय?”